वनस्पतिशास्त्र वाया गेलं?

'विज्ञान शिकून सनदी सेवेत गेलं की शिक्षण फुकट' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. आपल्या रायगडातले चिंतामणराव देशमुखच घ्या. जन्म १८९६, महाडजवळच्या नाते गावी. केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकले, वनस्पतिशास्त्रात फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं. १९१८ला आयसीएसमध्ये, म्हणजे ब्रिटिशकाळातल्या सनदी सेवेच्या परीक्षेत, पहिले. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ला ब्रेटन वुड्स परिषदेत (जिथे जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी ठरले) भारताचे प्रतिनिधी, नंतर अर्थमंत्री. १९५२ला ते कुलाब्यातूनच लोकसभेवर निवडून आले (तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता). आणि १९५६ला मुंबई महाराष्ट्राला नाकारली जातेय म्हटल्यावर त्यांनी मंत्रिपद सरळ सोडलं. माझा सगळ्यात जास्त आदर तिथे आहे. बरं, साठीला राजीनामा देऊन घरी बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद, मग दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद. मेघदूताचा मराठी अनुवादही त्यांचाच! पुरावा तपासून मगच बोलायची शिस्त प्रयोगशाळेत लागते, ती पैशांच्या कारभारात उपयोगी पडणारच ना?

महाड-रोह्याकडच्या शाळांत मुलांना त्यांच्याबद्दल सांगतात का? तिकडचे कुणी शिक्षक असतील तर जरूर लिहा.