विंडोज ११ साठी फुकट अँटिव्हायरस कोणता?

प्रश्न: रॅम ४ जीबी. दोन फुकट अँटिव्हायरस टाकलेत, मशीन रखडतं. कोणता ठेवू?

उत्तर १: दोन्ही काढा. फाइल उघडली की दोघंही तपासायला धावतात, शिवाय एकमेकांनाच संशयित ठरवतात. ४ जीबीत हे झेपणार कसं? विंडोजसोबतच येणारा अँटिव्हायरस, डिफेंडर, पुरे. दुसरा अँटिव्हायरस आला की डिफेंडर बाजूला होतो, दुसरा गेला की आपोआप चालू होतो. मात्र अनइन्स्टॉल केल्यावरही कधीकधी त्याचे ड्रायव्हर (विंडोजमध्ये खोलवर बसणारे छोटे प्रोग्राम) मागे राहतात आणि डिफेंडर बंदच दिसतो. तेव्हा त्या त्या कंपनीचं रिमूव्हल टूल सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींसह सुरू करून) चालवा.

उत्तर २: नंतर विंडोज सिक्युरिटीत रिअल-टाइम (सतत तपासणी) आणि टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरची सेटिंग्ज परस्पर बदलू न देणारं) चालू आहे ना, बघा. शंका उरलीच तर ऑफलाइन स्कॅन, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी. मशीन रीस्टार्ट होतं, साधारण १५ मिनिटं जातात, तेव्हा आधी काम सेव्ह करा.

प्रश्नकर्ता: आणि कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस?

उत्तर २: रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्राम) रोखायला उत्तम, पण कटकट आहे. अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही, त्यात साधा फोटो एडिटरही अडतो. त्याला परवानगीच्या यादीत टाका.

उत्तर ३: फुकट अँटिव्हायरसांपैकी अव्हास्ट की एव्हीजी, यात डोकं घालू नका. मालक एकच, व्हायरस ओळखणारं इंजिनही तेच.