शब्दचर्चा : अटक की स्थानबद्धता?

प्रश्न : सात रस्त्याजवळच्या अभ्यासिकेत एमपीएससीच्या पोरांचा वाद चाललाय. व्हिसा संपलेल्या परदेशी माणसाला पोलिसांनी धरलं तर 'अटक' म्हणायचं का 'स्थानबद्धता'? पेपरात दोन्ही येतंय. आणि त्याला वकील तरी मिळतोय का?

उत्तर : मिळतोय, मिळायलाच पाहिजे. अटक गुन्ह्यासाठी होते, आणि व्हिसा संपून राहणं हा गुन्हाच आहे म्हणून सुरुवातीला अटकच म्हणा. मग कारण सांगायला लागतंय, वकील घेऊ द्यायला लागतंय, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायला लागतंय, हे सगळं संविधानाच्या कलम २२ मधे आहे आणि तिथं 'व्यक्ती' म्हटलंय, 'नागरिक' नाही. कलम २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, पण तसंच. कलम १९ मात्र नागरिकांपुरतं, त्यामुळं इथंच राहू द्या असा हक्क परदेशी माणसाला सांगता येत नाही.

स्थानबद्धता वेगळी. पुढं काही करू नये म्हणून आधीच डांबलं तर ती प्रतिबंधक स्थानबद्धता, तिला २४ तासांचा नियम नाही, पण तीन महिन्यांवर ठेवायचं तर सल्लागार मंडळाचा होकार लागतोय. आता शिक्षा भोगून झाली आणि मायदेशी पाठवेपर्यंत परदेशी लोकांसाठीच्या डिटेन्शन सेंटरमधे ठेवलं, तर ती अटक नाही आणि ही प्रतिबंधक पण नाही, नुसतं 'स्थानबद्ध' लिहा. तिथं सुद्धा कलम २१ सुटत नाही. आसामच्या मटिया सेंटरवरनं २०२५ मधे सुप्रीम कोर्टानं सरकारला झापलंय, परदेशी ठरवलं तर परत पाठवा, कायमचं कोंडून ठेवता येणार नाही म्हणून. मला हे फार महत्त्वाचं वाटतंय, कारण माणूस तारीख नसलेल्या कोठडीतच जास्त खचतो.

दुसरं उत्तर : एक राहिलं, वकिलात, म्हणजे दूतावास. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारी पाठवलेला आपला माणूस, त्यावरनं वकिलात. परदेशी कैद्याला दोन्ही लागतात बघा, कोर्टात वकील आणि बाहेर स्वतःच्या देशाची वकिलात. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ तेच सांगतंय, तुझ्या वकिलातीला कळवू का हे त्याला विचारायला लागतंय. पाकिस्ताननं पकडलेल्या आपल्या कुलभूषण जाधवांच्या केसमधे २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पाकिस्तानला दोषी धरलं ते याच कलमावर. आपल्या माणसासाठी जे मागितलं तेच इथं धरलेल्या नायजेरियन नाहीतर बांगलादेशी माणसाला पण द्यायला लागतंय.

आणि 'नजरकैद' इथं नको, ती घरातल्या घरात ठेवलं तर.