पोटातला गळू, विद्रधी की नुसता पू? आणि ‘मार्कर’ला काय म्हणावं?

मांजराकाठ
लातूरला एका संशोधनाचं संमतिपत्र मराठीत करतेय. पोटातल्या अ‍ॅब्सेसमधला पू मोठं ऑपरेशन न करता, सोनोग्राफीत बघत बारीक नळी घालून काढायचा. शिवाय कॅन्सरच्या रुग्णांचे ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारी द्रव्यं, तपासायचे. मी ‘पोटातील गळू’ लिहिलं. दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत नेलं तर ‘बॉईल’, म्हणजे कातडीवरचं गळू, झालं. मसुदा परत आला, ‘उदरविद्रधी’ करा म्हणून. वॉर्डातल्या एका मावशींना तो शब्द वाचून दाखवला. त्यांचा चेहराच उतरला. “म्हंजी कॅन्सरच का, माय?” काय लिहू?

शब्दव्रती
विद्रधीच. लवकर विदाह होतो, म्हणजे आग होऊन पिकतं, म्हणून विद्रधी, अशी फोड चरकानं केली आहे. सुश्रुतानं निदानस्थानात त्याला वेगळा अध्याय दिला. बाहेरचा आणि आतला असे भेद करून नाभी, कुक्षी, यकृत, प्लीहा अशा जागाही सांगितल्या. इतका नेमका शब्द हाताशी असताना टाकायचा कशाला? लोकांना माहीत नाही तर माहीत करून द्या.

जुना परभणीकर
माहीत करून देण्याचा प्रयोग आपल्याकडं होऊन गेलाय. आपण निजामाच्या राज्यात होतो तेव्हा, १९१८ ला, हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, उर्दू माध्यमाचं. डॉक्टरीसुद्धा उर्दूत शिकवली. अरबी-फारसीतून परिभाषा घडवली. त्यातलं आमच्या गावात काय उरलं? दवाखाना उरला, कारण तो आधीपासून लोकांच्या तोंडी होता. आजी गळू पिकलं की “नस्तर मारून घे” म्हणायची. नस्तरही फारसीच, पण तो कुणी शिकवला नव्हता.

शब्दव्रती
म्हणजे फारसी चालतं आणि संस्कृत चालत नाही?

जुना परभणीकर
जे कळतं ते चालतं. सही त्या मावशींची आहे, तुमची-माझी नाही.

लॅबवाला, अंबाजोगाई
गळूवर भांडण चाललंय, पण खरी अडचण ‘मार्कर’ची आहे. ‘कर्करोगदर्शक’ लिहू नका, हात जोडून सांगतो. सीए १२५ नावाचं मार्कर पोटाच्या टीबीतही वाढतं, आणि टीबी आपल्याकडं काय कमी आहे? पित्ताची नळी तुंबली तरी सीए १९-९ चढतं. विडी ओढणाऱ्यांत सीईए थोडं जास्त सापडतं. उलट काहींच्या शरीरात सीए १९-९ जन्मतःच बनत नाही. कॅन्सर वाढला तरी आकडा हलत नाही. हे आकडे मुख्यतः उपचार लागू पडतोय का, आजार उलटला का, हे बघायला. रिपोर्टवरचा आकडा बघून इथं खिडकीपाशी बसकण मारलेली माणसं मी पाहिलीत. ‘दर्शक’ म्हटलं की त्यांच्या लेखी निकाल लागला.

मांजराकाठ
मग ‘खूण’? ‘रक्तातील खुणा’ असं लिहिलं तर?

बालाघाटी
खूण छान. पण गळूवर एक सांगू द्या. गळू हा गळण्यावरूनच आला असणार, असं मला वाटतं. जे पिकून गळतं ते गळू. पोटातला पू बाहेर गळतच नाही, म्हणून गळू चूक. आमच्याकडं काखेत, जांघेत आलं की बेंड, पापणीवर रांजणवाडी. पोटातल्याला शब्दच नाही, कारण तो कुणी बघितलाच नव्हता.

जुना परभणीकर
“पोटात पू झालाय” म्हणतात की! अजून कोणता शब्द पाहिजे?

शब्दव्रती
ते वाक्य झालं, संज्ञा नव्हे.

मांजराकाठ
संमतिपत्रात वाक्यच चालतं. सध्या लिहिलंय: ‘पोटाच्या आत एका जागी पू साचला आहे.’ आधी ‘पुवाची गाठ’ लिहिलं होतं, पण गाठ म्हटलं की लोक कॅन्सरच धरतात. ‘खुणा’बद्दल अजून कुणी बोललं नाही. शुक्रवारी मसुदा द्यायचाय.

बालाघाटी
गाठीवरून आठवलं, आवाळू का नको?

लॅबवाला, अंबाजोगाई
आवाळूत पू नसतो.

बालाघाटी
बैलाच्या मानेवरच्या असतो की. जू घासून खांदा सुजतो, मग पिकतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला वडील हात फिरवून आधी तेच बघायचे.

जुना परभणीकर
त्याला आमच्याकडं आवाळू नाही, ‘खांदा आला’ म्हणतात. आवाळू म्हणजे न दुखणारी.

बालाघाटी
पाटोद्याकडं दुखणारीलाही म्हणतात. उद्या चुलत्याला विचारून लिहितो.