मावशी-काका अमेरिकेला: विमा कोणता घ्यायचा?

मावशी (सुदामानगर, इंदूर): सगळ्यांना विचारतेय. सप्टेंबरपासून आम्ही दोघं 3 महिने न्यू जर्सीला. एजंट दोन कागद ठेवून गेलाय, एक निम्म्या किमतीचा. हे म्हणतात, तोच घेऊ, तीन महिन्यांत काय होतंय! शिवाय यांचं सत्तरीवाल्यांचं आयुष्मान कार्ड आहेच.

ताई (म्युनिक): मावशी, त्या कार्डाचे 5 लाख आपल्याकडच्या, त्यांच्या यादीतल्या हॉस्पिटलांतच चालतात. विमानात बसलात की त्याचा उपयोग नाही.

मामी (रामबाग): वन्सं, मग म्युनिकलाच जा. तिकडे सगळं फुकट असतं म्हणे.

ताई: फुकट नाही हो मामी. आरोग्य विम्यासाठी पगाराच्या 14.6 टक्के जातात, वर थोडी जादा वर्गणी. निम्मे माझे, निम्मे कंपनीचे. पण लेकाचा हात मोडला तेव्हा रिसेप्शनवर विम्याचं कार्ड मशीनमध्ये घातलं, एक्स-रे झाला, प्लास्टर झालं, घरी आलो. बिल आलंच नाही. मोठ्या माणसाला ॲडमिट केलं तर दिवसाला 10 युरो, तेही वर्षातून 28 दिवसांपर्यंतच. त्वचेच्या डॉक्टरची तारीख मात्र साडेतीन महिन्यांनंतरची मिळाली. इंदूरला सकाळी फोन केला की संध्याकाळी रिपोर्ट हातात असतो, त्याची फार आठवण येते. आणि सासूबाई आल्या तेव्हा माझं कार्ड त्यांना लागू नव्हतं. व्हिसासाठी निदान 30,000 युरोचा विमा घ्यावाच लागतो, त्यावर निभावलं.

धाकटी (लीड्स): इथेही तसंच. व्हिसाबरोबर वर्षाला 1,035 पौंड भरले म्हणून मला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा. आई-बाबा फिरायला आले आणि ॲडमिट व्हावं लागलं, तर दीडपट दराने बिल. इमर्जन्सीत तपासतात तेवढं फुकट.

दादा (न्यू जर्सी): आई, एजंटला अजून हो म्हणू नकोस. मागच्या हिवाळ्यात धाकट्याची हनुवटी फुटली. तीन टाके, वीस मिनिटांचं काम. मग दीड महिना पाकिटं येत राहिली. हॉस्पिटलचं एक, डॉक्टरांचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं आणखी वेगळं. मला कंपनीचा विमा आहे, तरी डिडक्टिबल, म्हणजे वर्षातल्या बिलांची पहिली ठरावीक रक्कम, पुरी होईपर्यंत आपणच भरायचं. इमर्जन्सीत आलेल्याला पैसे नाहीत म्हणून हाकलता येत नाही, 1986 चा कायदाच आहे, पण बिल मागून येतंच. 65 च्या पुढच्यांचं सरकारी मेडिकेअर पाहुण्यांना नाही. ग्रीन कार्डवाल्यांनाही ते विकत घ्यायला आधी 5 वर्षं इथे राहावं लागतं.

तो स्वस्तातला कागद बहुधा फिक्स्ड बेनिफिटचा असणार. त्यात डॉक्टरचे इतके, बेडचे इतके असे आकडे ठरलेले, वरचं सगळं आपल्या अंगावर. कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या, डिडक्टिबलनंतर बिलाचा मोठा हिस्सा तोच उचलतो. पैसे मी भरतो, त्यावरून बाबांशी वाद नको. बाबांचं बीपी आणि शुगर जुनं आहे. बऱ्याच पॉलिसी जुना आजार अचानक उसळला तरच पैसे देतात, आणि सत्तरीनंतर मर्यादाही कमी करतात. बाबा 72 चे. दोन्ही कागदांचे फोटो पाठव, सगळी पानं, बारीक अक्षरांचीसुद्धा.

मावशी: रात्री पाठवते. औषधं इथूनच आणू ना?

दादा: हो, 90 दिवसांची, मूळ पाकिटांत, चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घे. ग्लायकोमेट इथे कुणाला कळणार नाही, मेटफॉर्मिन म्हटलं की कळेल. पॅरासिटामॉललाही इथे ॲसिटामिनोफेन म्हणतात.

ताई: आणि काकांची ती डावीकडची दाढ? दातांचं या पॉलिसींत सहसा नसतं. निघायच्या आधी दाखवाच.

काका: वाचलं सगळं. स्वस्तातला नको. दाढ गुरुवारी दाखवतो, ईसीजीही काढून घेतो.

मावशी: दोन वर्षं मी सांगतेय, तेव्हा नाही ऐकलं! गुरुवारी मीही बरोबर जाते.