घरात लेकरू आलं तेव्हा मांजरीचं काय केलंत? अनुभव सांगा

पळसफूल
काल संध्याकाळी शेजारच्या काकू खताचं रिकामं पोतं झटकत अंगणात आल्या. "आमची मनी तुमच्याकडं तं नाई न आली?" त्यांची सून सव्वा महिना संपवून परवा माहेराहून येते आहे, नातू घेऊन. पोतं कशाला, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला.

२००९ सालचं सांगते. आर्णी तालुक्यातलं आमचं गाव, कवेलूचं घर. मी पहिलं बाळंतपण उरकून सासरी आले तेव्हा डिसेंबर होता आणि माजघरात छताला टेकेल एवढा कापूस भरलेला. कबरी मांजर त्या ढिगावरच झोपायची. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात मला पहिली जवळची झाली ती कबरीच. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, दूधपितं लेकरू अन् मांजर एका घरात नको. मामाजींनी (सासऱ्यांनी) तिला पोत्यात घातलं, पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि अरुणावती नदीच्या पलीकडं सोडून आले. मी बाजेवर बसून होते. पोत्यातला आवाज फाटकापर्यंत ऐकू आला. मी एक शब्द बोलले नाही.

त्या रात्री बाळ झोपलं तरी रडणं थांबेना. तीनदा उठून पाहिलं, बाळ गाढ झोपलेलं. आवाज कापसामागून येत होता. टॉर्च लावला तर चार पिल्लं, डोळेही न उघडलेली. ती व्याली आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. मी शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून त्यांच्या तोंडाला लावत बसले. एकीकडं माझं दूध भरून येत होतं आणि दुसरीकडं ही. दोन पिल्लं दुसऱ्या दिवशी गेली.

तिसऱ्या रात्री दारावर नखं ओरबाडल्याचा आवाज आला. दार आत्याबाईंनीच उघडलं. कबरीचे पाय चिखलानं माखलेले, पोटाला काटे. ती सरळ कापसामागं गेली. आत्याबाई दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लेकुरवाई हाये वं ते. मले काय मालूम." मग वाटीभर दूध नेऊन ठेवलं. त्यानंतर आमच्या घरात मांजरीसाठी कोणी पोतं उचललं नाही.

सकाळी काकूंशी बोलायचं आहे. काय बोलू ते सुचत नाही. तुमच्याकडं जे घडलं ते लिहा. वाईट घडलं असेल तेही लिहा.

तुरीच्या_शेंगा
वाचून पोटात कालवलं ताई. लेकराला मांडीवर घेऊन वाचत होते. नंतर लिहिते.

पांदण
आमी काढली होती मांजर. माह्या भावाले पोरगी झाली तवा. घरात तुरीचे पोते, सोयाबीनचे पोते. मांजर गेल्यावर पंधरा दिवसात उंदरं असे माजले का दिवसा घरात फिरे. एका रात्री पोरगी किंचाळली. लाइट लावला तं पायाच्या अंगठ्याले रगत. दुधाचा वास येते न लेकराच्या आंगाले, उंदीर तिथंच येते. दवाखान्यात नेली, जखम धुतली, बरी झाली. दुसऱ्या दिवशी बाबा सोताच चार घरं फिरले अन् मांजरीचं पिल्लू मांगून आनलं. तुमच्या काकूले हे सांगा. घरात धान्य असन तं मांजर पायजेच.

मोहफूल
उंदराचं खरं आहे. आमच्याकडे भाताची कोठी आहे, मांजर नसेल तर खैर नाही. आमचं बाळ मे महिन्यात झालं. कूलर एकच, त्याच्यासमोर बाळाची गादी आणि मांजरीची जागाही तीच, तीन वर्षांपासूनची. ती जागा सोडेना. हाकललं की बाहेर जाऊन पुन्हा हजर. शेवटी माझ्या भाऊजींनी कूलरच्या दुसऱ्या अंगाला, बाळापासून लांब, लाकडी खोक्यावर ओलं गोणपाट टाकून दिलं. तिला गारवाच पाहिजे होता. मग ती गादीकडं फिरकली नाही.

वर्धेकर_सून
मला सातव्या महिन्यात टॉर्च (TORCH) नावाची, गर्भाला अपाय करणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी करायला लावली आणि एका डॉक्टरांनी मांजर आजच्या आज घराबाहेर काढा म्हणून सांगितलं. मी घरी येऊन खूप रडले. नंतर दुसऱ्या डॉक्टर बाईंनी नीट समजावलं. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असतो. मांजरीला त्याची पहिल्यांदा लागण झाली की तिच्या विष्ठेतून तो साधारण एक ते तीन आठवडे पडतो, सहसा आयुष्यात एकदाच. आणि विष्ठा पडल्यावर १ ते ५ दिवसांनी तो लागण करण्याजोगा होतो. म्हणजे रोजच्या रोज घाण उचलली, आणि ती गरोदर बाईनं नाही तर दुसऱ्यानं उचलली, तर धोका खूप कमी होतो. मांजरीला हात लावल्यानं होणारी ही गोष्ट नाही.

बाईंनी मला उलट विचारलं, शेतात निंदायला जाता का? मी म्हटलं हो, अजूनही जाते. म्हणाल्या मग मांजरीपेक्षा त्या मातीची काळजी करा. हात साबणानं धुवा, भाजी धुवून घ्या, मटण कच्चं राहू देऊ नका. हे मला त्याआधी कोणीच सांगितलं नव्हतं! घराशेजारी घरकुलासाठी टाकलेला रेतीचा ढीग होता, आमची मांजर तिथंच जायची. नवऱ्यानं त्यावर ताडपत्री टाकली आणि तिला राखेचं टोपलं करून दिलं. रोज सकाळी तेच रिकामं करायचे.

कपाशीवाली
रेतीचा ढीग झाकायचं लक्षातच येत नाही कोणाच्या. आमची पोरं दिवसभर त्यातच खेळतात. आजच झाकते.

झाडीपट्टी
आमच्या इथं पाचवीच्या दिवशी सटवाईपुढं ठेवलेला भात मांजरीनं खाल्ला. सगळ्या बाया घाबरल्या. आजी म्हणाली, सटवाईच येऊन जेवली समजा, पोरगं नशीबवान आहे. त्या दिवसापासून मांजरीला घरात मान.

जुना_मास्तर
आजी बरोबर बोलल्या. सटवाई म्हणजे षष्ठीदेवी, आणि षष्ठीचं वाहन मांजरच आहे. बंगालात तिच्या चित्रात मांजर काढलेली असते. आपल्याकडे सहाव्या रात्री ती लेकराच्या कपाळी नशीब लिहायला येते म्हणतात, पण तिच्यासोबत मांजर असते हे आपण विसरलो. पळसफूलताई, काकू देवभोळ्या असतील तर हेच सांगा. शिवाय मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर द्यावी लागते, हे तर त्यांनी ऐकलेलंच असेल.

झाडीपट्टी
मास्तर सोन्याचा भाव बघितला का 😄 काकू पोतं लगेच खाली ठेवतील

गोठा_आणि_मी
मी वेगळं लिहिते. आमची पोरगी दिवस भरायच्या आधी झाली, १८०० ग्रॅमची. सतरा दिवस काचेच्या पेटीत होती. घरी आणली तेव्हा डॉक्टर म्हणाले, माणसंसुद्धा कमी येऊ द्या. आमची चिमी रात्री पांघरुणात शिरून झोपणारी, दार लावलं तर कवेलूतून उतरायची. मी तिला माहेरी पाठवलं. पोत्यात नाही, झाकणाच्या टोपल्यात, माझा भाऊ मोटरसायकलवर मांडीशी धरून घेऊन गेला. तिकडं आईनं पहिले आठ दिवस खोलीत ठेवली, मग सोडली. ती तिथंच रमली, पुढं सहा वर्षं जगली. मला त्याचं वाईट वाटतं पण चुकलं असं वाटत नाही. प्रत्येक घरात ठेवता येतेच असं नाही. नाही जमलं तर ओळखीच्या घरी द्या, शिवारात सोडू नका, एवढंच माझं म्हणणं.

पळसफूल
गोठा_आणि_मी, सतरा दिवस… कसं काढलंत तुम्ही. पोरगी कशी आहे आता?

गोठा_आणि_मी
तिसरीत आहे. झाडावर चढते.

आशाताई_वाशिमकडची
मी आशा कार्यकर्ती आहे. नवीन बाळाच्या घरी आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातो. मांजर असलेलं घर नेहमीच लागतं. मी काढा म्हणत नाही. तीन गोष्टी बघते.

एक, बाळ झोपतं तिथं मांजर नको. लहान बाळाला मान नीट सावरता येत नाही, तोंडावरचं काही बाजूला सारता येत नाही, आणि मांजर ऊब शोधत येते. छत्रीची मच्छरदाणी लावली तरी मांजर तिच्यावर बसली तर ती खाली दबते, म्हणून खोलीचं दार लावायचं किंवा माणूस जवळ पाहिजे. दुसरं, मांजरीला हात लावला की साबणानं हात धुवूनच बाळाला घ्या. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. नख किंवा दात लागून रक्त आलं तर हळद, चुना, मिरची काही भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. मांजरीपासूनही रेबीज होतो. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलेल्या जखमेत आणखी एक इंजेक्शन देतात, ते टाळू नका. मागच्या वर्षी एका घरी चुना भरून चार दिवस बसले होते. मी स्वतः गाडीवर बसवून नेलं.

पांदण
आशाताई, मांजरीले बी लस भेटते का? आमच्या इथचे डॉक्टर तं गाई-म्हशीचेच.

आशाताई_वाशिमकडची
मिळते भाऊ. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तीन महिन्यांची झाली की पहिली, मग दरवर्षी. जंताचं औषधही तिथंच मागा.

संत्राबाग
आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात पिशवीत घालून नेली होती. रांगेत सगळ्या गाई आणि मध्ये आमची मांजर. डॉक्टर हसले पण लस दिली. पिशवीची चेन नीट लावून न्या, आमची अर्ध्या रस्त्यात एसटीत निसटली होती, कंडक्टरनंच पकडून दिली.

तुरीच्या_शेंगा
आत्ता लेकरू झोपलं. माझ्या नणंदेनं डोक्यात भरवलं होतं की मांजरीचा केस पोटात गेला की दमा होतो. मी तीन महिने घाबरून होते. खरं काय आहे?

संत्राबाग
केस पोटात जाऊन दमा होत नाही. मांजरीच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन असतं, ती अंग चाटते तेव्हा ते केसांवर वाळतं आणि हवेत मिसळतं. ज्याला त्याची ॲलर्जी आहे त्याला शिंका, डोळे लाल, दम लागणं होतं. माझ्याच मोठ्या मुलाला आहे. लहानपणी नाही कळलं, चौथ्या वर्षी कळलं. मांजर घरात घेणं बंद केलं, आता ती गोठ्यात राहते, कडब्यावर झोपते, तिथंच दूध पिते. पोरगा खिडकीतून तिच्याशी बोलतो. ते बघून जीव तुटतो पण दुसरा उपाय नव्हता. ज्याला दम लागत नाही त्याच्यासाठी मात्र उगाच भीती नको.

तुरीच्या_शेंगा
धन्यवाद ताई. आता नणंदेला वाचून दाखवते.

कपाशीवाली
ते माजघरातल्या कापसाचं वाचून आठवलं, बाळाच्या अंगावर पुरळ आलं की आमच्याकडे सगळे मांजरीलाच दोष द्यायचे. खरं तर कापसाची खाज होती! जानेवारीनंतर भाव वाढायची वाट बघत कापूस घरात ठेवला की सगळ्यांच्याच अंगाला खाज सुटते, मोठी माणसंही ओरबाडतात. कापूस विकला, आठ दिवसांत पुरळ गेलं, मांजर तिथंच.

पांदण
औंदा बी घरातच पडून हाये आमचा. विकाव का थांबाव समजून नाई रायलं.

कपाशीवाली
लेकरू असेल घरात तर विका भाऊ. नाही तर दुसऱ्या खोलीत, दार बंद.

मोहफूल
एक राहिलं. बाळ घरी यायच्या आधी दोन दिवस आम्ही दवाखान्यातून बाळाचं दुपटं घरी पाठवलं होतं. मांजरीच्या जागेजवळ ठेवलं. तिनं हुंगलं, त्यावर बसली, उठून गेली. बाळ आलं तेव्हा तिनं नवल केलं नाही. माझी आई म्हणते वासाची ओळख झाली की जनावर बुजत नाही, नव्या वासराचंही तसंच करतात. आणि तिचं जेवण चुकवू नका. घरात पाहुणे, बाळंतिणीची गडबड, मांजरीला दोन दिवस कोणी भाकर नाही टाकली, की ती बाळंतिणीच्या ताटाशी येते आणि मग सगळे म्हणतात बिघडली.

पळसफूल
सगळ्यांचं दोनदा वाचलं. सकाळी काकूंकडं जाऊन आले. त्या तूर पाखडत बसल्या होत्या. मी कबरीचं सांगितलं, पिल्लांचं सांगितलं, ते सांगताना मला रडू आलं. सोळा वर्षांत पहिल्यांदा कोणाला तोंडानं सांगितलं हे. काकू काही बोलल्या नाहीत, पाखडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मनीचं बी पोट दिसते वं. म्या म्हटलं खाऊन माजली." पांदणभाऊंच्या पुतणीच्या अंगठ्याचंही सांगितलं. तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

मनी काल रात्रीपासून आमच्याच माळ्यावर आहे. विणेपर्यंत ती आमच्याकडं राहील, दूधभाकर काकू आणून देतील, पुढचं पुढं पाहू असं ठरलं. सून आल्यावर दुपटं मी स्वतः मागून आणीन. पोत्यात काकूंनी गोवऱ्या भरल्या.

झाडीपट्टी
बरं वाटलं. पिल्लू झालं की एक मला ठेवा, आमची म्हातारी झाली.

मोहफूल
माळ्यावर जुनी गोधडी टाकून द्या, अंधाऱ्या कोपऱ्यात. आणि रोज बघायला जाऊ नका, नाही तर पिल्लांना सात घरं फिरवेल.

आशाताई_वाशिमकडची
ताई, सून सव्वा महिन्यानं येते म्हणजे ४२ व्या दिवसाची भेट तुमच्या गावात पडेल. तुमच्या आशाला आजच सांगून ठेवा, नाही तर माहेरची म्हणते सासरी झाली आणि सासरची म्हणते माहेरी झाली, आणि बाळाचं वजन राहून जातं.