परसबागेच्या पाट्यांवर शास्त्रीय नाव कोणतं लिहावं?

आमच्या गावात, औसा तालुक्यात, शाळेची परसबाग मस्त झालीय, पोरं रोज पाणी घालतात, आता प्रत्येक वाफ्याला पाटी लावायचीय. पण टोमॅटोला जुन्या पुस्तकात लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम आणि बियाण्याच्या पाकिटावर सोलॅनम लायकोपर्सिकम, मग खरं कोणतं?

उत्तर १: ताई, पाकिटावरचं लिहा. वनस्पतींना दोन शब्दी शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनिअसनं १७५३ मध्ये टोमॅटो सोलॅनममधेच, म्हणजे बटाटा-वांग्याच्या गटात टाकला होता, मिलर नावाच्या वनस्पतीतज्ज्ञानं तो वेगळा काढला आणि १७६८ ला लायकोपर्सिकॉन एस्क्युलेंटम नाव दिलं, मग डीएनए तपासल्यावर कळलं की तो बटाटा-वांग्याच्याच घरातला, म्हणून परत आला. तुळशीचंपण तसंच, दोन्ही नावं लिनिअसचीच, पण ऑसिमम टेन्युफ्लोरम आधीचं म्हणून तेच चालतं, ऑसिमम सॅंक्टम नंतरचं.

उत्तर २: पत्ताकोबी, फुलकोबी, नवलकोल तिन्ही लावलेत का? तिन्हीचं नाव एकच, ब्रॅसिका ओलेरॅसिया, पुढं फक्त प्रकार वेगळा, कॅपिटाटा, बोट्रायटिस, गाँगायलोडिस. तीन पाट्या शेजारी शेजारी लावा, पोरं लगेच विचारतील बगा.

उत्तर ३: अंबाडीची पाटी मात्र घाईनं लिहू नका. आपल्याकडं दोन जाती आहेत, हिबिस्कस कॅनाबिनस आणि हिबिस्कस सब्डारिफा, फुलोऱ्यानंतर बोंडाभोवतीची निदलं (पाकळ्यांच्या खालची, कळी झाकणारी पानं) लाल, जाड, रसाळ झाली तर सब्डारिफा. तोवर नुसतं अंबाडी लिहा. आणि हातानं लिहिताना लॅटिन नावाखाली रेघ मारायची, पहिल्या शब्दाचंच पहिलं अक्षर कॅपिटल.

ताई: लई भारी माहिती दिलीत सगळ्यांनी, अंबाडीला अजून फुलंच नाहीत, थांबते मग.