फिट येणाऱ्या मुलाची झोप, ऑनलाइन कोर्स कुणी केलाय का?

अर्धीझोप:
मुलगा ८ वर्षांचा, रोलँडिक एपिलेप्सी (लहान मुलांमधला अपस्माराचा एक प्रकार). फिट येते ती झोपेतच, डोळा लागल्यावर तासाभरात नाहीतर पहाटे. औषधाने फिट्स बऱ्याच आटोक्यात आल्यात पण झोपेचं पार वाटोळं झालंय. पहिली फिट आली त्या रात्रीपासून मी त्याच्याजवळ झोपते, म्हणजे झोपते कसली, श्वास मोजत पडून असते. आता माझा हात धरल्याशिवाय त्याला झोपच येत नाही, साडेदहा वाजतात, रात्री तीनदा उठतो आणि सकाळी शाळेसाठी उठवताना रोजचा तमाशा. डॉक्टर म्हणाले झोप कमी पडली की फिटचा धोका वाढतो, ते ऐकल्यापासून तर मी अजूनच त्याच्या मागे, झोप रे बाबा झोप. कुणीतरी पालकांसाठीचा झोपेचा ऑनलाइन कोर्स सुचवलाय, पण झोपत नाही तो, मग कोर्स मी का करायचा?

खुर्चीवाला_बाबा:
मी पण हेच विचारलं होतं 😀 रात्री थोडी थोडी जाग सगळ्यांनाच येते, झोप लागताना हातात आईचा हात होता आणि जाग आल्यावर नाही, की पोरगं टक्क जागं. म्हणजे सवय आपण लावलेली, मोडायचीही आपणच. आम्ही मोबाइलवरच केला, छोटे छोटे भाग असतात. आधी दोन आठवडे फक्त डायरी, मुलगी कधी आडवी झाली, कधी झोपली, कितीदा उठली, फिट आली का. तेव्हा कळलं की ९ ला झोपवतोय पण झोप लागते १०.३० ला, दीड तास नुसती कुस्ती. मग डॉक्टरांना विचारून अंथरुणात जायची वेळच १०.३० केली (बायको म्हणाली डोकं फिरलंय तुझं), पटकन झोपायला लागल्यावर दर काही दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे. उठायची वेळ रविवारीसुद्धा तीच. आणि मी पलंगाशेजारी खुर्चीवर, हळूहळू दाराकडे सरकत.

निळीउशी:
वरचं बरोबर, पण सगळं सवयीवर ढकलू नका. काही औषधांनी झोप उडते, काहींनी दिवसा पेंग येते, तेव्हा डोसच्या वेळेबद्दल डॉक्टरांशी बोला, स्वतःहून काही बदलू नका. घोरतो का तेही सांगा. रात्री किंचाळून उठत असेल तर व्हिडिओ काढून ठेवा, ती फिट की नुसती झोपेतली भीती हे सांगून कळत नाही. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते. ब्रिटनमध्ये कॅसल नावाच्या संशोधनात एपिलेप्सी असलेल्या मुलांच्या पालकांसाठीच असा कोर्स बनवलाय, साध्या झोपेच्या कोर्समध्ये आपली रात्रीची भीती कुठे असते? मला शेजारच्या खोलीत झोपता आलं ते कपाटावर कागद चिकटवल्यावर: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, ५ मिनिटांच्या वर गेली तर ॲम्ब्युलन्स, आणि डॉक्टरांनी दिलेलं इमर्जन्सीचं औषध कधी द्यायचं ते.

अर्धीझोप:
चार रात्री डायरी लिहिली. लाज वाटतेय सांगायला, काल तीनदा उठला त्यातल्या दोनदा मीच उठवलं, श्वास बघायला छातीवर हात ठेवला आणि तो जागा. खुर्ची किती दिवसांनी सरकवायची?

खुर्चीवाला_बाबा:
आम्ही तीन-चार रात्रींनी सरकवत होतो. दारापाशी मात्र तीन आठवडे अडकली, मुलगी केव्हाच झोपलेली असायची, मलाच उठवत नव्हतं.